पेवाच्या तोंडावरचा चौथा वाटा

एकदा एक नदीकाठचं नगर होतं. त्या नगरात होता हळदीचा व्यापारी पायगोंडा शेठ, त्याच्याकडे कामाला होते भरमाप्पा आणि कल्लाप्पा असे दोन सख्खे भाऊ, आणि नदीच्या वळणावर लहानशा मठात राहत होते एक वृद्ध सत्पुरुष. त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळेच त्यांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत.

आता पेव म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. काठाच्या उंच, कोरड्या जमिनीत विहिरीसारखं खोल खणायचं. तोंड अरुंद, पोट रुंद. आतून उसाच्या पाल्याचा जाड थर द्यायचा, त्यात हळद ओतायची, वरून पाला घालून तोंड मातीनं लिंपायचं. हवा आत जात नाही, किडा जात नाही. अशी हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. भाव चांगला आला की व्यापारी पेव फोडतो.

भरमाप्पा थोरला. तो शेठच्या पेढीवर तोलाईच्या कामाला होता. महिन्याचा पगार, दसऱ्याला धोतरजोडी. धाकटा कल्लाप्पा पेवं खणायचा, भरायचा, लिंपायचा. पण तो कुणाचा चाकर नव्हता. त्याचं काम उक्तं. पेव पुरं झालं की ठरलेले पैसे घ्यायचे आणि पहार खांद्यावर टाकून निघायचं. त्याचं सगळ्यात जास्त काम मात्र पायगोंडा शेठकडेच असे.

कल्लाप्पाच्या मनात एकच गोष्ट होती. आयुष्यभर दुसऱ्यांची पेवं खणली, आता काठावर आपली स्वतःची पेवाची जमीन असावी. जमिनीखालच्या कोंदट हवेनं त्याचा दम उखडू लागला होता. अजून थोडी वर्षं अंग साथ देईल, मग पुढे काय, हा विचार त्याची पाठ सोडत नव्हता. बायको रत्नव्वा रात्री त्याच्या छातीला तेल चोळायची.

ज्या वर्षी शेठनं नवा व्यापार मांडला त्या वर्षी त्याच्या गाठीला रोकड थोडी होती. जास्त पगार द्यायला जमेना, जास्त मजुरी द्यायलाही जमेना. पण माणसं टिकावीत असं त्याला वाटत होतं. तेव्हा त्यानं भरमाप्पाला, कल्लाप्पाला आणि सिद्राम नावाच्या गाडीवानाला बोलावलं. सिद्रामही उक्त्यावरच गाडी हाकायचा.

शेठ म्हणाला, "यंदा मी पेवं भरली आहेत. तुम्हा तिघांना एकेका पेवाचा हक्क देतो. आजच्या भावानं त्या पेवातल्या हळदीचे शंभर रुपये होतात. माझ्याबरोबर काही वर्षं इमानानं काम करा, मग वाटेल तेव्हा या, तेच शंभर रुपये द्या आणि पेव तुमचं. भाव हजारावर गेला तरी मी एकशेएक मागणार नाही."

"आणि भाव पडला तर?" सिद्रामनं विचारलं.

"तर घेऊ नका. हक्क आहे, सक्ती नाही."

भरमाप्पा स्वभावानं भित्रा. तो दुसऱ्याच दिवशी कमाविसदाराच्या कचेरीत गेला. कमाविसदार म्हणजे राजाचा कर वसूल करणारा अधिकारी. त्यानं विचारलं, "शेठनं असा असा शब्द दिलाय. ह्याच्यावर कर बसतो का?"

कमाविसदार म्हणाला, "नुसता शब्द कुणाला विकता येतो का? नाही ना? मग त्यावर आज कर कसला! पेव घ्यायला निघाल तेव्हा मात्र विचारायला या."

भरमाप्पानं हे घरी येऊन सांगितलं. कल्लाप्पानं त्यातलं आज कर नाही एवढंच ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं.

वर्षं गेली. पायगोंडा शेठची हळद पिवळीजर्द आणि कोरडीठक्क, तिचं नाव दूरच्या बाजारांत झालं. भाव चढत चढत गेला. ज्या पेवाची किंमत शंभर होती, त्याचे चारशे झाले. तिघांचीही ठरलेली वर्षं भरली होती. तिघांनी हक्क वापरायचं ठरवलं.

त्या नगरात पेव एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची एक रीत होती. तोंडावर ओल्या मातीचा नवा गिलावा द्यायचा आणि चार माणसांदेखत नव्या मालकानं त्यात अंगठा उमटवायचा. अंगठा उमटला की आतली हळद त्याची. तो गिलावा वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि नवा मालक तर निदान एक पावसाळा पेव फोडत नसे. लगेच फोडणं म्हणजे अवलक्षण, असं सगळे मानत.

भरमाप्पाच्या पेवावर सगळे जमले. त्यानं साठवलेले शंभर रुपये शेठच्या हाती दिले. पण शेठनं गिलावा द्यायच्या आधीच पेव फोडायला लावलं, चौथा हिस्सा हळद बाहेर काढली, तिथल्या तिथे विकली, आलेले शंभर रुपये कमाविसदाराकडे पाठवून दिले, आणि मग पेव लिंपून भरमाप्पाला म्हणाला, "आता उमटव अंगठा."

भरमाप्पाचं तोंड उतरलं. "शेठ, माझ्या पेवाला भोक पाडूनच दिलंत की."

"मी काय करू? तू माझा चाकर. चारशेचा माल तुला शंभरात मिळाला. वरचे तीनशे राजाच्या लेखी तुझा पगारच. पगारावरचा कर चाकराच्या हाती माल पडायच्या आधी मालकानं कापून भरायचा, असा कायदा आहे. नाही भरला तर कमाविसदार माझ्या दारात येईल."

मग कल्लाप्पाच्या पेवाची पाळी आली. शेठनं शंभर रुपये घेतले, गिलावा दिला आणि बाजूला झाला. कापाकापी काही नाही. अख्खं पेव.

"माझ्यातला वाटा न्हाई काढायचा?" कल्लाप्पानं हसत विचारलं.

"तू माझा चाकर आहेस का? तुझा व्यवहार तुझ्यापाशी," शेठ म्हणाला.

कल्लाप्पानं अंगठा असा दाबला की मातीत खळगा पडला. लोक म्हणाले, धाकट्याचं नशीब थोर. रत्नव्वा जाऊबाईकडे पाहून म्हणाली, "पगारदाराचा थाट मोठा, पण पेव मात्र उक्त्याचं भरलेलं." भरमाप्पाच्या बायकोनं पदर खोचला आणि ती घरी चालती झाली.

कल्लाप्पा अज्जांचा शिष्य होता. दर सोमवारी तो मठात जाऊन बसायचा. त्या संध्याकाळी तो आनंदानं सांगायला गेला. अज्जांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कचेरीत जाऊन आलास का?"

"कशाला, अज्जा? पेवातल्या हळदीला कर कसला? तोंड फुटल्याशिवाय पेवातला माल आम्ही मोजतच न्हाई. खणणाऱ्यांची रीतच हाय ती. फोडीन, विकीन, पैसं येतील, तवा बघू."

"ही खणणाऱ्यांची रीत झाली. राजाची रीत काय आहे?"

"तुम्ही उगा काळजी करताय," कल्लाप्पा म्हणाला आणि नमस्कार करून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवल घडलं. अज्जा काठी टेकत टेकत पेवांच्या माळावर आले. कल्लाप्पा तिथेच काम करत होता, आजूबाजूला लोक होते. अज्जा सरळ कल्लाप्पाच्या पेवापाशी गेले आणि त्यांनी काठीचं टोक ओल्या गिलाव्यात खुपसलं. अंगठ्याच्या ठशासकट माती उखडून निघाली.

माळावर एकदम सगळं थांबलं. ज्या अज्जांनी कधी कुणाच्या झाडाचं पान तोडलं नव्हतं, त्यांनी शिष्याच्या पेवाची मोहोर फोडली!

कल्लाप्पा धावत आला. "अज्जा, हे काय केलंत? कालच अंगठा दिलाय मी!"

"म्हणूनच आलो," अज्जा म्हणाले. "चौथा हिस्सा काढ. आजच वीक, आजच्या भावानं."

"कुणासाठी?"

"ज्याचा आहे त्याच्यासाठी. तो हिस्सा तुझा नाही."

"मग कुणाचा? मठाचा?" कल्लाप्पाचा आवाज चढला. गुरूसमोर तो असं कधी बोलला नव्हता.

अज्जा रागावले नाहीत. "माझा नाही. तो मागायला येईल तेव्हा तुला कळेल. काल सांगत होतो तेव्हा तुझे कान पेवात होते. आता पाटी उचल."

पेव फुटलंच होतं, उघडं ठेवून चालणार नव्हतं. कल्लाप्पानं दातओठ खात तोंड मोकळं केलं. आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत सगळे वाट पाहत बसले. मग दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा जळत राहिला तेव्हा कल्लाप्पा उतरला. चौथा हिस्सा वर आला, पेव पुन्हा लिंपलं, काढलेली हळद बाजारात गेली, शंभर रुपये आले. ते घेऊन तो मठात गेला आणि त्यानं थैली अज्जांच्या पुढ्यात टाकली.

"मला देऊ नकोस," अज्जा म्हणाले. "रत्नव्वाच्या हाती दे. तिला सांग, हे घरात आहेत पण घरचे नाहीत. मीठ आणायलासुद्धा यातला पैसा काढायचा नाही."

पुढचे काही महिने कल्लाप्पाला फार जड गेले. भाव आणखी चढला. सिद्राम गाडीवान जाता येता त्याला हाक मारायचा, "काय कल्लाप्पा, अज्जांच्या वाट्याला आज किती नफा सुटला असता रं?" सिद्रामचंही पेव अख्खं होतं. त्यानं तर ते घेण्यासाठी बैलजोडी सावकाराकडे गहाण टाकून शंभर रुपये उचलले होते, आणि तो मिशीला पीळ देत फिरत होता.

एके दिवशी कल्लाप्पाला राहवेना. तो रत्नव्वाला म्हणाला, "ती थैली काढ. अजून भाव वाढायच्या आत तेवढी हळद परत घेऊन टाकतो."

"अहो, अज्जांनी काय सांगितलंय?"

"अज्जांना बाजारातलं काय कळतंय?"

रत्नव्वाला स्वतःलाच त्या थैलीचा राग होता. इतके दिवस तीच कुरकुरत होती. पण तिनं हात पुढे केला नाही. "मला बी कळत न्हाई. पण ज्यानं मातीचा ठसा मोडला त्यानं पैशाला हात लावला न्हाई, एवढं मला दिसलंय. तुम्ही त्यांना विचारून या, मग देते."

कल्लाप्पा मठाच्या पायरीपर्यंत गेला. अज्जा नदीकडे तोंड करून बसले होते. पायरी न चढताच तो मागे फिरला.

मग वारं फिरलं. पूर्वेकडच्या दोन मोठ्या नगरांतल्या व्यापाऱ्यांनी आपली जुनी पेवं एकदमच फोडली. बाजारात हळदीचे ढीग लागले. भाव कोसळला. चारशेचं पेव दीडशेवर आलं.

आणि वर्षअखेरीला कमाविसदार माळावर आला. त्यानं कल्लाप्पाला आणि सिद्रामला बोलावलं.

"तुम्ही दोघांनी यंदा पेवं नावावर करून घेतलीत. प्रत्येकी तीनशेचा लाभ. त्याचा तिसरा हिस्सा कर, म्हणजे शंभर रुपये."

सिद्राम ओरडला, "लाभ कसला, साहेब? पेव अजून फोडलंच न्हाई! आणि आता त्याचे दीडशे बी येत न्हाईत!"

"अंगठा दिलास तो दिवस कायदा पाहतो. त्या दिवशी माल चारशेचा होता, तू शंभर दिलेस. पुढे भाव चढला काय, पडला काय, तो तुझा आणि बाजाराचा प्रश्न."

"पण भरमाप्पाला न्हाई मागितला कर!"

"त्याचा त्याच्या मालकानं त्याच दिवशी भरला. तुम्ही उक्ती माणसं. तुमचं कापणारा कुणी नाही. तुमचं तुम्ही आणून द्यायचं. नाही दिलंत तर हत्यारं, गाडी, जे असेल ते कचेरीत जमा होईल आणि या माळावर काम बंद."

कल्लाप्पानं खांद्यावरची पहार घट्ट धरली. पहार गेली तर जमीन कसली, उद्याची भाकरीही गेली. तेवढ्यात रत्नव्वा घरातून आली आणि तिनं थैली कमाविसदारापुढे ठेवली. थैली मठातून घरी आली त्या दिवसापासून तिची गाठ सुटली नव्हती.

कमाविसदारानं पैसे घेतले आणि विचारलं, "तुझ्या धंद्याचा खर्च काय झाला यंदा? पहारी, पाट्या, पाला, हाताखालची माणसं?"

कल्लाप्पानं सांगितलं.

"हा खर्च तुझ्या मिळकतीतून वजा होतो. चाकराला ही सवलत नसते. म्हणजे थोडा कर सुटला." कल्लाप्पाचा चेहरा उजळला, तोच कमाविसदार पुढे म्हणाला, "पण वृद्धांच्या अन्नछत्राची पट्टी राहिली. चाकराची अर्धी पट्टी मालक भरतो. तुला मालक नाही, तेव्हा दोन्ही अर्ध्या तुझ्याच." एकीकडून सुटलेलं दुसरीकडे गेलं. थैली रिकामी झाली. पण पहार त्याच्या खांद्यावर राहिली, आणि पेवातले तीन हिस्से जागच्या जागी राहिले.

सिद्रामनं मात्र पडत्या भावात पेव विकलं. आलेल्या पैशांतले तिनातले दोन वाटे कराला गेले. उरलेल्यात सावकाराचं पुरं झालं नाही आणि बैल गेले.

त्या सोमवारी दोघे भाऊ मिळून मठात गेले. कल्लाप्पानं अज्जांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अज्जा, मी तुम्हाला वाटेल ते बोललो. पण एक सांगा, मोहोर फोडण्याआधी समजावून का न्हाई सांगितलं?"

"सांगायला लागलो होतो. पण भरलेल्या पेवाच्या मालकाला ऐकू कमी येतं." अज्जा हसले. मग शांतपणे म्हणाले, "हे पहा. तुम्हा दोघांना एकाच शेठनं एकच हक्क दिला. करही दोघांना तेवढाच होता, दोघांच्या पेवात राजाचा चौथा वाटा अंगठा दिला त्या दिवसापासून होताच. फरक एवढाच की भरमाप्पाचा वाटा त्याच्या डोळ्यांदेखत निघाला, म्हणून त्याला वाटलं आपल्याला लुबाडलं. तुझा तुझ्याच पेवात पडून राहिला, म्हणून तुला वाटलं तो तुझा आहे. जो चाकर असतो त्याच्या डोक्यावर शेठ असतो आणि तो कापून घेतो. जो उक्ता असतो त्यानं स्वतःचा शेठ स्वतःच व्हायला हवं. नुसता मिळवणारा होऊन भागत नाही, कापणाराही त्यानंच व्हायचं असतं. तुला ते जमत नव्हतं, म्हणून एक दिवस मी तुझा शेठ झालो."

भरमाप्पा खाली मान घालून म्हणाला, "आणि मी वर्षभर शेठला शिव्या देत होतो."

"त्याही देऊ नकोस," अज्जा म्हणाले. "त्यानं तुझी झोप राखली."

हल्ली कंपन्या आपल्या माणसांना ठरल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क देतात, त्यांचंही पुष्कळसं असंच असतं. नुसता हक्क मिळाला त्या दिवशी बहुधा काही लागत नाही. शेअर नावावर झाला त्या दिवशीचा भाव आणि आपण मोजलेली किंमत, यांतलं अंतर ही कमाई धरली जाते, मग शेअर विकलेला असो वा नसो. पगारदाराचा कर कंपनी कापून भरते. स्वतंत्र काम करणाऱ्याचा हिशोब निराळा आणि बराचसा त्याच्या स्वतःच्या माथी. नियम देशादेशांत वेगळे असतात, म्हणून घेण्याआधी जाणत्याला विचारावं आणि परक्याचा वाटा त्याच दिवशी वेगळा काढावा.

पुढे दोन पावसाळे भाव पडूनच राहिला. दोन्ही भावांना पेव फोडायची घाई नव्हती, कारण कुणाचं देणं त्यांच्या डोक्यावर नव्हतं. तिसऱ्या वर्षी पूर्वेकडची जुनी हळद संपली आणि भाव पुन्हा उठला, आधीच्या चारशेच्याही वर गेला. तेव्हा दोघांनी एकाच दिवशी आपापली हळद विकली.

या वेळी कल्लाप्पा विकण्याच्या आधीच कचेरीत गेला. "साहेब, आता पुन्हा सगळ्यावर कर?"

"नाही," कमाविसदार म्हणाला. "चारशेच्या भावापर्यंतचा तू भरला आहेस. तो पुन्हा कसा घेऊ? त्यापुढे जे वाढलं तेवढ्यावरच, तेही व्यापाऱ्याच्या हलक्या दरानं. आणि हे चाकर असो वा उक्ता, दोघांना सारखंच."

कल्लाप्पानं तो थोडका कर तिथेच मोजून दिला.

उरलेल्या पैशांत दोघा भावांनी मिळून काठाची उंच, कोरडी जमीन घेतली, ज्यावर पूर कधी चढला नव्हता. भरमाप्पानं पेढीवरची चाकरी सोडली नाही, पण संध्याकाळी तो माळावर येऊन तोलाई सांभाळू लागला. कल्लाप्पानं शेवटची पेवं खणली ती स्वतःच्या जमिनीत, आणि मग खाली उतरणं कायमचं सोडलं. गावोगावचे शेतकरी हळद ठेवायला त्यांच्याकडे येऊ लागले. जागेचं भाडं दर हंगामाला घरात येऊ लागलं. सिद्रामला त्यांनी नवी बैलजोडी घेऊन दिली आणि माळावरची सगळी वाहतूक त्याच्याकडे दिली. दोन्ही जावांची चूल एक झाली. कल्लाप्पाला दम लागणं थांबलं, छातीला तेल चोळायची गरज उरली नाही, आणि त्या घरात अन्नाला, पाहुण्याला आणि हसण्याला पुढे कधी तोटा पडला नाही.